आडाचं मयत

खडकवाडी, ता. लोहा, जि. नांदेड
१४ नोव्हेंबर १९८२

ईनबाई पंचफुलाबाईला सरजाबाईचा रामराम. इवाई ग्यानोबा पत्र वाचून दाखवतेत, म्हणून त्यांनाबी रामराम, पण अर्धाच. मागच्या पत्रातल्या चार वळी त्यांनी गाळून वाचल्या, हे पंचमीला तुमची सून सिंधू माहेरी आलती तवा तिनंच सांगितलं. इवाई, तुमच्या मिशीवर म्या जे लिवलं होतं ते ईनबाईला ऐकवायसाठी होतं. ह्या खेपंला गाळाल तर पुढलं पत्र सगळं मिशीवरच यील.

पत्त्यावर म्या आधी जिल्हा उस्मानाबाद लिवला, मग खोडून लातूर लिवला. पोस्टमास्तर म्हनला, बाई, एक काय ते ठरवा. म्या म्हनलं, सरकारनं पंधरा ऑगस्टला ठरवलं, पण मपल्या हाताला सवय लागाया येळ लागतो. नवरा मेला तवाबी सहा महिने म्या ताटं दोनच वाढीत होते. मास्तरनं शिक्का मारला.

नवा जिल्हा झाला म्हनं तुमाला. काय काय नवं मिळालं ते सांगा. पाऊस तर दोन्ही जिल्ह्याला सारखाच चुकला. आमच्याकडं ज्वारी ईतभर वर आली अन तिथंच थांबली, शाळेत मास्तरनं उभं केलेल्या पोरावानी.

आता कामाचं. सिंधूला सहावा लागला. पहिलं बाळंतपण आईच्या घरी, ही रीत तुमालाबी म्हाईत हाय. गावातल्या हिरी आटल्या हे खरं हाय, खोटं कशाला बोलू. पण मपल्या परसातल्या आडाला दोन परस पाणी हाय, एकावर एक दोन माणसं बुडतील एवढं. मपल्या सासऱ्यानं खणलेला आड हाय तो, मपल्यावानीच चिवट. पोरीला न्हाया-धुवाया कमी पडणार न्हाई. सातवा लागला की धाडून द्या.

तुमच्या सासूला, म्हाताऱ्या साखराबाईला सांगा, सरजी लवकरच हसवाया येणार हाय, दात नसले तरी चालंल.

तुमची ईन,
सरजाबाई (चौथी पास, हे इवायानं मोठ्यानं वाचावं)


हंगरवाडी, ता. निलंगा, जि. लातूर
३० नोव्हेंबर १९८२

सरजाबाईस ग्यानोबाचा पुरा रामराम.

तुमचं पत्र आधी उस्मानाबादला जाऊन आलं, पंधरा दिवस लागले. पुढं खाडाखोड करू नका. मी लिहून राहिलो, ही सांगून राहिली. सिंधूला लिवाया बसवलं असतं, पण ही म्हनते, ती आईच्या बाजूनं लिहील. मिशीचं सगळं वाचून दाखवलं. ही हसली न्हाई, मपली आई हसली. आईला ऐकू कमी येतं, तरी मिशी तेवढी बरोबर ऐकू आली.

आता ही सांगती ते:

ईनबाई, रीत मला शिकवू नका. पोरगी आता मपली हाय. तुमच्या तिकडं नुसते धोंडे. आमच्या इथं नीरू बेकादष्टु हाय. बारवात उतरायच्या पायऱ्या पाण्यात बुडाल्यात. निवृत्ती लातूरला नव्या कचेरीच्या बांधकामावर हाय, दर पंधरवड्याला येतो, बायकोला बघून जातो. तुमच्याकडं न्हेली तर त्यानं किती एष्ट्या बदलायच्या? अन आमच्या सासूबाईचा हट्ट हाय, पणतू ह्याच घरात जन्मलं पायजे, मला बघायचंय. ऐंशी वर्साच्या बाईला न्हाई कसं म्हनू? सिंधू हितंच राहील. तुमी लेकीला भेटाया या, चार दिस राहा, तोंड बंद ठिवून.

पंचफुला.

हे खालचं मी हिला वाचून दाखवणार न्हाई. बैलाला चारा सरलाय. संक्रांतीच्या सुमाराला मी बैल घेऊन छावणीला जाणार. मिशी हाय तशीच हाय.

ग्यानोबा


खडकवाडी
१६ डिसेंबर १९८२

पंचफुलाबाई,

नीरू म्हंजे पाणी हे मला म्हाईत हाय, पण बेकादष्टु म्हंजे काय, हे म्या बाजारात देगलूरकडच्या एका बाईला इचारलं. ती म्हनली, पायजे तेवढं. लई चांगला शब्द हाय. म्या दिसभर तोंडात घोळवला, गूळ न्हाई तर शब्द तरी. पण बारवाच्या पायऱ्या बुडाल्यात, तर मग बैल कामून उपाशी? हे मला कुणी सांगितलं ते मी सांगणार न्हाई, पण त्या माणसाला मिशी हाय.

मी सध्या खडी फोडाया जाते, पाझर तलावाच्या कामावर. गरज म्हणून न्हाई हां, गप्पांसाठी. मुकादम लई तरणा हाय, बायांची नावं पुकारताना लाजतो. म्या त्याला म्हनलं, मालक, मपलं नाव हळू घ्या, मी इधवा हाय, लोक बोलतील. तवापासून तो मपलं नाव पुकारतच न्हाई, नुसती मान हलवतो. सगळ्या बाया हसून हसून टोपल्या टाकत्यात. हसल्यावर तहान कमी लागती, हे म्या शोधून काढलंय. (पंचफुलाबाई, तुमाला तहान लई लागत असल.)

पण हट्ट मी सोडत न्हाई. आईच्या हातचा डिंक, आईच्या हातचा शेक ह्याला दुसरा इलाज न्हाई. तुमच्या बारवात मगरी पोहोत असल्या तरी पोरगी हितंच यील. दोन परस पाणी म्या तिच्यासाठी राखून ठेवलंय, मी सवता वाटीनं पिते.

संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी मी न्यायला निघते.

सरजाबाई


हंगरवाडी
४ जानेवारी १९८३

सरजाबाईस,

ही सांगती ते लिहून राहिलो:

न्या. तुमचा हट्ट मोठा. संक्रांत झाली की या अन पोरीला न्या. एष्टीत खिडकीला बसवा, आठवा लागलाय. तुमच्या आडाचं पाणी उकळूनच पाजा. लेकरू झालं की मागं धाडा, सासूबाई वाट बघतील.

पंचफुला.

सरजाबाई, ही अशी एकदम कबूल कशी झाली म्हणून थट्टा करू नका. तुमच्याकडं दोन परस हाय, ते बरं हाय.

मी उद्याच बैल घेऊन छावणीला निघतो, वीस दिवसांनी परत. तोवर घरात पत्र वाचणारी सिंधूच. निवृत्तीला संक्रांतीला सुट्टी न्हाई, कचेरीचं छत टाकायचं चालू हाय. आई म्हनती, सरजी न्यायला आली की तिला दोन दिस ठिवून घ्या, मला हसायचंय.

ग्यानोबा


(पोस्टकार्ड. एक कोपरा फाडलेला.)

खडकवाडी
१२ जानेवारी १९८३

कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या परसातले आडोबा खडकवाडीकर हे काल मंगळवारी दुपारी तळाला लागून वारले. वय साठ. दुखणं बऱ्याच दिसांचं होतं, पण घरच्यांनी लपवून ठेवलं. मरतेवेळी त्यांनी अर्धा पोहरा चिखल दिला, तेच त्यांचं शेवटचं बोलणं. त्यांच्या मागे एक पोहरा, एक दोर अन एक सरजाबाई असा परिवार हाय. पाण्याअभावी दहावा-तेरावा होणार न्हाई, कुणी येण्याची तसदी घेऊ नये. तरी सिंधूला न्यायला मी येत न्हाई. तिला तुमच्याकडंच राहू द्या, तुमच्याकडं बेकादष्टु हाय. हसा.

दुःखी,
सरजाबाई


खडकवाडी
१ फेब्रुवारी १९८३

पंचफुलाबाई,

वीस दिस झाले, तुमचं उत्तर न्हाई. कार्ड मिळालं न्हवं? हसलात का? का राग आला?

खरं सांगू का, मला सरळ लिवता आलं न्हाई. मी तुमच्याशी भांडून भांडून पोरगी मागितली. तुमी न्या म्हनलात, अन मपल्या हातात घागरभर पाणी न्हाई. हे आईनं कोणत्या तोंडानं लिवायचं? रातभर कार्ड पुढं घेऊन बसले. मग म्हनलं, सरजे, तुला रडत लिवता येत न्हाई, हसत लिव. लिवलं तर ते मयताच्या कार्डावानीच झालं. मग म्हनलं, झालंच हाय तर कोपराबी पायजे. नखानं फाडला. तवा मला लई मजा वाटली.

आता रोज खडी फोडताना इचार येतो. कोपरा फाडलेलं कार्ड म्हंजे मयताची खबर, हे शेंबड्या पोरालाबी कळतं. पण वाचलं की आडाचं हाय हे कळणारच ना? इवाई छावणीला हाईत हे म्या इसरले होते. पण सिंधू हाय घरात, तिनं वाचलं असल. तिनं वाचलं असल ना?

आठवा सरत आला असल. दोन वळी लिवा. न्हाई तर नुसतं कोरं कार्ड धाडा.

सरजा


हंगरवाडी
८ फेब्रुवारी १९८३

सरजाबाई,

तुमी जित्या हाव हे मला म्हाईत हाय. आता घरात सगळ्यांनाच म्हाईत हाय. पाच दिस म्हाईत न्हवतं.

तुमचं एक तारखेचं पत्र आज आलं. हसलात का म्हणून इचारलंय. हे पत्र मी एकटा लिहून राहिलो, हिनं सांगितलेलं न्हाई.

आधी खरं सांगतो. आमच्या बारवात दसऱ्यापासून पाणी न्हाई. नीरू बेकादष्टु हे हिनं सांगितलं अन म्या लिवलं. हिला भ्या होतं, पाणी न्हाई म्हनलं तर तुमी पोरगी न्याल अन आईचं पणतू बघायचं राहील. मग पौषात नदीतला झिराबी बारीक झाला, तवा हीच म्हनली, न्हेऊ द्या, सरजाबाईकडं दोन परस हाय, पोरगी तिथं जगंल. म्हणून न्या लिवलं. तुमच्या दोन परसावर आमचा लई भरवसा होता.

आठ दिसाला टँकर येतो, शुक्रवारी. कार्ड आलं बुधवारी, एकोणीस तारखेला. घरात चार घागरी पाणी होतं. पोस्टमननं कोपरा बघितला, हिच्या हातात देऊन मान खाली घालून गेला. हिला अक्षर येत न्हाई, पण खडकवाडीचं कार्ड वळखू येतं, तुमी शाई लई दाबून लिवता. तुमच्या घरात तुमी एकट्या. मग ही दाबलेली शाई कुणाची, हा इचार हिच्या मनात आला न्हाई. कुणी तरी भावकीतल्यानं लिवलं असल म्हनली. कोपरा बघितल्यावर पुढं वाचायचं काय राहातं?

सिंधू आत ज्वारी निवडीत होती. आठव्या महिन्यातल्या पोरीला आई मेली हे कसं सांगायचं? हिनं कार्ड भाईरच्या कोनाड्यात दगडाखाली ठेवलं, उंबऱ्याच्या आत आणलं न्हाई. आईच्या कानाला लागून सांगितलं. दोघी गोठ्यामागं गेल्या अन तोंडात पदर कोंबून रडल्या. आवाज फुटू दिला न्हाई.

मग रीत. तुमाला म्हाईत हाय.

ही डोक्यावरून न्हाली, अंगावरच्या लुगड्यासकट. एक घागर. आई न्हाली. एक घागर. मग ही म्हनली, लेकीनं आईची अंघोळ केली न्हाई तर सरजाबाईचा जीव आडकंल. सिंधूला तर सांगायचं न्हाई. म्हणून ही दुसऱ्यांदा बसली अन सिंधूच्या नावची अंघोळ सवता केली. तिसरी घागर. सिंधू आतून म्हनली, सासूबाई, भर दुपारी कामून न्हाता? हिनं सांगितलं, उवा झाल्यात. सिंधू म्हनली, उवांपायी तीन घागरी? हिनं तिला पहिल्यांदाच शिवी दिली.

चौथी घागर झाकण घालून ठेवली. मी घरचा कर्ता, परत आलो की खबर ऐकून मला न्हावं लागंल, म्हणून. दोन दिसांनी टँकर येणारच होता. ह्या हिशेबानं सगळं केलं.

टँकर शुक्रवारी आला न्हाई. शनिवारी न्हाई. कुठं बिघडला, कुठं थांबला, सांगणारं कुणी न्हाई. ही रोज पहाटेपासून नदीच्या झिऱ्यावर बसायची, वाटीवाटीनं भरायची. दिसाकाठी एक तांब्या, कधी दीड. तो सिंधूला अन आईला. आई म्हनायची, मला तहान न्हाई, पोरीला द्या. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागती, असं ही समजून राहिली. मी आईचा लेक, मी असतो तर मीबी तसंच समजलो असतो.

झाकलेल्या घागरीला कुणी हात लावला न्हाई. मयताच्या नावचं पाणी पोटुशीला कसं पाजायचं?

मी सोमवारी आलो, चोवीसला. हिनं उंबऱ्याच्या भाईरच अडवलं, हातात कार्ड दिलं, म्हनली, सरजाबाई गेली, भाईरच न्हा. म्या वाचलं. पहिल्यांदा नुसतं 'वारले' दिसलं. दुसऱ्यांदा 'आडोबा' दिसलं. अन सरजाबाई, मी हसलो. लई मोठ्यानं हसलो. हिनं मपल्या तोंडावर हात दाबला. म्हनली, येड लागलं का, ईन मेली अन हसता? म्या म्हनलं, ईन मेली न्हाई, ईनीचा आड मेला.

ती तिथंच बसली. रडली न्हाई. रिकाम्या तीन घागरीकडं बघत राहिली. मग म्हनली, मग म्या कुणाच्या नावानं न्हाले?

मपलं हसणं ऐकून सिंधू भाईर आली. कार्ड तिच्या हातात पडलं. सगळं कळलं तिला, तुमचं मरण बी अन जगणं बी, एकाच दमात. तासाभरात पोटात कळा सुरू झाल्या. सुईण नागुबाई आली. म्हनली, आठव्याचं हाय, मी काय सांगू शकत न्हाई, आधी पाणी आणा. पाणी म्हंजे ती एकच घागर. तुमच्या नावची. हिनं झाकण काढलं. म्हनली, सरजाबाई जिती हाय, म्हंजे हे पाणी सुतकाचं न्हाई. त्याच पाण्यानं सगळं झालं.

मुलगी हाय. मुठीएवढी हाय. जगली हाय. आज पंधरा दिसांची झाली, दूध ओढती.

सव्वीसला सकाळी शाळेत झेंडा चढवला, पोरं ओरडून राहिली होती. आई उठली न्हाई. तिला उठवाया गेलो तर ओठ असे झाले होते, की हात लावायचं धाडस झालं न्हाई. पणती बघून गेली एवढंच. निवृत्तीला निरोप धाडला, पण तो लातूरहून यायच्या आत पोचवावं लागलं.

सरजाबाई, आईला पोचवून आल्यावर अंघोळीला पाणी न्हवतं. सगळी भावकी नदीच्या कोरड्या पात्रात उभी होती. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत न्हवतं. मग एका जाणत्यानं वाकून वाळू घेतली अन अंगाला चोळली. मग सगळ्यांनी तसंच केलं. मीबी. ऐंशी वर्सं ह्या गावात राबलेली बाई, तिचा लेक वाळूनं न्हाला. जित्या माणसासाठी घरात तीन घागरी सांडल्या अन मेलेल्यासाठी वाटी न्हाई. अजून मला हे खरं वाटत न्हाई.

दुसऱ्या दिवशी टँकर आला.

मी तुमाला दोष देत न्हाई. देत असलो तरी कागदावर देत न्हाई.

ह्या पत्राचा कोपरा म्या फाडला न्हाई, ते इसरून न्हाई. रीतीनं फाडाया पायजे होता. पण कोपरा बघितला असता तर तुमी वाचायच्या आधी उठून डोक्यावरून अंघोळ केली असती. तुमचा आड मेलाय हे मला म्हाईत हाय. तुमच्या घरात पाणी किती असल हेबी म्हाईत हाय. म्हणून कोपरा ठेवला. न्हाऊ नका.

ग्यानोबा


खडकवाडी
१७ फेब्रुवारी १९८३

इवाई,

पत्र कामावर मिळालं. चारी कोपरे बघून म्या खुशीत उघडलं. बायांना म्हनलं, बघा, इवायाचं पत्र, मिशीचं उत्तर आलं. त्यांच्या देखत मोठ्यानं वाचाया लागले. पहिली वळ वाचली, सगळ्या हसल्या. मग पुढलं मनातल्या मनात वाचलं. मुकादम जवळ आला, त्यानं त्या दिवशी मपलं नाव घेऊन हाक मारली. म्या पत्र घेऊन खडीच्या ढिगामागं गेले.

दोन परस खोटं होतं. पहिलं पत्र लिवलं तवाच आडाच्या तळाचा धोंडा दिसत होता, पोहरा तिरका करून भरावा लागायचा. म्या म्हनलं, लेकीसमोर, ईनीसमोर कमीपणा कामून घ्यावा. तुमीबी तेच म्हनलात. मपल्या खोट्यावर तुमी पोरगी धाडणार होता अन तुमच्या खोट्यावर म्या तिला तिथं ठिवली. दोघींनी मिळून तिला दोन कोरड्या हिरींच्या मधी उभी केली. एकीनं जरी खरं लिवलं असतं. मी तर चौथी पास.

मला सारखं दिसतंय. पंचफुलाबाई भर दुपारी बसली हाय अन मपल्या नावानं डोक्यावर घागर ओतती हाय. एकदा न्हाई, दोनदा. मपली सख्खी भन असती तर तिनं एकदाच केली असती. अन मी हितं हसत होते, की आता इवायाची मिशी हालंल.

तुमी न्हाऊ नका म्हनलात. इवाई, वाचून झाल्यावर कोपरा म्या फाडला. कामावर दिसाला दोन तांबे पाणी मिळतं. त्यातला एक म्या साखराबाईच्या नावानं डोक्यावर घेतला. बाया म्हनल्या, सरजे, येड लागलं का, पिण्याचं पाणी हाय. कोण गेलं ते मला सांगता आलं न्हाई. रोज सगळ्या कामाला बोलून बेजार करणारी मी.

त्या दिवसापासून म्या थट्टा केली न्हाई. बाया इचारत्यात, आजारी हाव का.

मला लेकीला बघायचंय. नातीला बघायचंय. पण पंचफुलाबाई नको म्हनली तर येत न्हाई, जिंदगीभर येत न्हाई. तिला इचारून लिवा. तिनं शिवी दिली तर तीबी लिवा, गाळू नका.

सरजा


हंगरवाडी
२८ फेब्रुवारी १९८३

सरजाबाई,

मी पंचफुला सांगून राहिले. ह्यांना लिवाया सांगितलं न्हाई, हे मधीच रडत्यात.

तुमी इचारलंय म्हणून सांगते. म्या माफ केलेलं न्हाई. झिऱ्यावर वाटी भरताना मी तुमच्यासाठी रडत होते. पाच दिस. तुमी मपल्या चुका काढायच्या, मपल्या बोलण्याची नक्कल करायच्या, ते सगळं आठवून मी रडत होते, की आता मला कोण बोलंल. तेवढ्या येळात घरात सासूबाई वाळून चालल्या, ते मला दिसलं न्हाई. हे मी तुमच्या नावावर लिवलंय. अन बेकादष्टु मपल्या नावावर.

आता एक ह्यांनी तुमाला लिवलं न्हाई ते सांगते. लेकरू झाल्यावर, मंगळवारी, सासूबाई म्हनल्या, सरजीनं काय लिवलंय ते मला वाचा. ह्यांनी कानात ओरडून वाचलं. एक पोहरा, एक दोर अन एक सरजाबाई असा परिवार. सासूबाई हसल्या. आवाज निघाला न्हाई, नुसतं पोट हाललं. म्हनल्या, पुन्हा वाचा. तीनदा वाचून घेतलं. मयताचं कार्ड घरात ठेवत न्हाईत, म्हणून हे फाडाया निघाले, तर म्हनल्या, हे मयताचं न्हाई, हे हसायचं हाय, ठिवा इथं. उशाखाली ठेवलं.

ते कार्ड हाय मपल्याजवळ. म्या कुणाला फाडू दिलं न्हाई. तुमी या अन तुमच्या हातानं फाडा. मी बघत बसते.

टँकर आता नेमानं आठ दिसाला येतो. पाणी बेकादष्टु न्हाई. दोन माणसाला पुरतं, त्यात निवृत्ती अन लेकरू धरून पाच बसतो, सहावं बसंल. नातीचं नाव अजून ठेवलेलं न्हाई. म्या साखरा म्हनते. तुमाला दुसरं सुचत असल तर हितं यून भांडा.

येण्याआधी पत्र टाकू नका. पोस्टमन दिसला की मी कोपरे मोजते. नुसत्या या. दारात उभ्या राहून हाक मारा. मला अक्षर वाचता येत न्हाई, आवाज वळखू येतो.

पंचफुला.

आये, मी सिंधू. सासूबाईनं सांगितलं तेवढंच लिवलं, तुझ्या बाजूनं काही घातलं न्हाई. आता शेवटी एकच अक्षर घालते.

ये.